दुसऱ्याने सुरू केलेल्या तारा

सांगलीच्या विश्रामबागेतला एक दवाखाना. तिथे आठवड्यातून दोन दिवस बसणारी, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) होऊन जेमतेम वर्ष झालेली ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात तारांनी सरळ करणारी तज्ज्ञ. समोर खुर्चीत अकरावी सायन्सची मुलगी, तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची. वर-खाली तारा, त्या बसवून अडीच वर्षं झालेली. बसवणारे डॉक्टर परगावी निघून गेलेले. वडिलांचा प्रश्न एकच: "मॅडम, ह्या क्लिपा निघणार कधी?"

पहिल्याच संध्याकाळी तिने मला फोटो आणि एक्स-रे पाठवले, आणि पुढे केस संपेपर्यंत आमचं बोलणं चालू राहिलं. म्हणून हे लिहू शकतो. मुलगी, वडील आणि दोन्ही दवाखाने ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

हे प्रकरण निवडण्याचं कारण सांगतो. एमडीएसच्या तीन वर्षांत जे सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं, ते म्हणजे दुसऱ्याची केस घेणं आणि आपली केस दुसऱ्याच्या हाती देणं. हिशोब साधा आहे. तारांची एक केस दीड ते अडीच वर्षं चालते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यातले सुरुवातीचे महिने तार वाकवण्यात आणि टायपोडॉन्टवर, म्हणजे सरावाच्या नकली दातांवर जातात. मग पहिल्या वर्षी सीनियरच्या उरलेल्या केसेस आपल्याकडे येतात, आणि तिसऱ्या वर्षी सुरू केलेल्या आपण ज्युनियरच्या गळ्यात मारून जातो. परीक्षेत सेफॅलोमेट्रीवर (डोक्याच्या एक्स-रेवरून घेतलेल्या मापांवर) प्रश्न होतात, वायर बेंडिंग पाहिलं जातं, स्वतः केलेल्या केसेस मांडाव्या लागतात. ज्युनियरसाठी लिहिलेली चिठ्ठी मात्र कुणी परीक्षक मागत नाही. ती लिहिली होती का, हेही विचारत नाही.

केस इथवर कशी आली

नव्या एमडीएसला स्वतःचा दवाखाना लगेच झेपत नाही. मग तो सांगली, मिरज, विटा, तासगाव, जत असा फिरत राहतो. प्रत्येक ठिकाणी महिन्यातली एक ठरलेली तारीख, खुर्ची जनरल डेंटिस्टची, पैशात ठरलेला वाटा. वाईट काहीच नाही यात. तालुक्याच्या गावात तज्ज्ञ पोहोचतो तो याच वाटेने. पण या व्यवस्थेत पेशंट दवाखान्याचा असतो, उपचार या फिरत्या तज्ज्ञाचे, म्हणजे कन्सल्टंटचे असतात आणि नोंद कुणाचीच नसते. फोटो कन्सल्टंटच्या मोबाइलमध्ये. दवाखान्याच्या कार्डावर तारीख, "ऑर्थो", आणि जमा रक्कम. कन्सल्टंटने गाव सोडलं की केसचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो. (सांगलीत कागद जायला आणखी एक वाट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तळमजल्यावर ज्यांची कपाटं होती त्यांना वेगळं सांगायला नको.)

या मुलीचं असंच झालं. वरचे दात पुढे आलेले म्हणून वरच्या दोन्ही बाजूंच्या एकेक उपदाढा काढल्या, तारा लावल्या. वर्षभराने कन्सल्टंट यायचे बंद झाले. तिथल्या डेंटिस्टने आपल्या परीने तार धरून ठेवणारी रबराची कडी (मॉड्यूल) बदलणं, सुटलेलं ब्रॅकेट, म्हणजे दातावरची चकती, चिकटवणं चालू ठेवलं. मुलगी अकरावीला सांगलीत आत्याकडे राहायला आली, तेव्हा जवळचा दवाखाना म्हणून इथे आली.

तपासणीत दिसलं ते असं. उजवीकडची फट जवळपास मिटलेली, डावीकडे अडीच मिलिमीटर उरलेली. वरचे पुढचे दात मागे आणि खाली ओढले गेल्याने खालचे पुढचे दात झाकले गेलेले. हिरड्या सुजलेल्या, ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग. वरच्या जाड स्टीलच्या तारेवर पॉवर चेन, म्हणजे फट मिटवायला दात ओढणारी रबराची साखळी, ताणलेली होती. ती कधी लावली ते कार्डावर नव्हतं आणि मुलीलाही नक्की आठवत नव्हतं.

आणि ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, वरच्या पुढच्या चारही दातांची मुळं बोथट. डावा लॅटरल, म्हणजे सुळ्याच्या अलीकडचा दात, सगळ्यात आखूड.

पहिल्या दिवशी ती काय बोलली नाही

दात सरकतो तेव्हा भोवतीचं हाड एका बाजूने विरघळतं आणि दुसऱ्या बाजूने भरतं. त्या उलाढालीत मुळाचं टोकही थोडं झिजतं. थोडी झीज जवळपास प्रत्येकाची होते आणि तिने काही बिघडत नाही. मुळाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जाणं मात्र मोजक्यांच्या वाट्याला येतं. शंभरात एक ते पाच असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. उपचार लांबले, मुळाचं टोक खूप अंतर सरकवलं, जोर जास्त किंवा सततचा राहिला, किंवा मुळं मुळातच निमुळती असली, तर धोका वाढतो.

हे सगळं तिला पाठ होतं. पण ओपीजीचं एक दुखणं असतं: पुढच्या दातांच्या भागात प्रतिमा धूसर येते, दात कललेला असेल तर मूळ आहे त्याहून आखूड दिसतं. म्हणून तिने त्या दिवशी वडिलांना एवढंच सांगितलं, "एक्स-रेमध्ये एक गोष्ट दिसतेय. खात्री केल्याशिवाय बोलत नाही. आज छोटे एक्स-रे काढते, परवा या. घरी जुना एक्स-रे असेल तर तो आणा." आणि पॉवर चेन कापून टाकली.

क्रम बघा. जोर आधी थांबवला, निदान नंतर पक्कं केलं, आणि घरच्यांना सांगणं त्याच्याही नंतर. ताण काढून ठेवण्यात कसलाच धोका नव्हता, म्हणून त्याला खात्रीची वाट बघायची गरज नव्हती. अर्धवट माहितीवर "मुळं गेलीत" असं बोलण्यात मात्र धोका होता. हा फरक पटकन ओळखणारे पदव्युत्तर विद्यार्थी मी थोडे पाहिले आहेत.

चार दातांचे आयओपीए, म्हणजे ते छोटे एक्स-रे, काढल्यावर चित्र साफ झालं. तिघांची टोकं गोलावलेली, डाव्या लॅटरलचं मूळ साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी.

परवाचा दिवस

वडील आले ते फाइल घेऊन. त्यात बेदाणा विक्रीच्या पट्ट्या, माती परीक्षणाचा अहवाल, आणि मध्ये घडी पडलेली जुन्या ओपीजीची फिल्म, तारा लावण्याआधीची. तिने ती लाइटबॉक्सवर लावली. डाव्या लॅटरलचं मूळ तेव्हाच निमुळतं आणि टोकाशी वाकलेलं होतं.

या एका फिल्मने संभाषणाची दिशा बदलली. ती नसती तर सगळा दोष आधीच्या डॉक्टरवर ढकलणं सोपं होतं, आणि ते बऱ्याच अंशी खोटं ठरलं असतं.

तिने मुलीलाही आत बसवलं. कागदावर दाताचं चित्र काढलं.

"काका, मुळाबद्दल बोलायचंय. हा डावीकडचा दात मुळाशी आखूड झालाय. इतका."

"म्हंजी दात पडणार का तिचा?"

"आज नाही, आणि लवकर पडेल असंही मला वाटत नाही. ओढायचं थांबवलं की झीज बहुतेक वेळा थांबते. पण गेलेलं मूळ परत येत नाही. त्या दाताला आयुष्यभर जपावं लागेल."

वडील थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले. "चूक कुणाची ह्यात?"

"मूळ आधीपासूनच निमुळतं होतं, ते या जुन्या फिल्मवर दिसतंय. अशा मुळांना धोका जास्त असतो, आणि मध्ये एकदा एक्स-रे काढून बघायचा असतो. तो काढला होता का, जोर किती होता, हे मला माहीत नाही. नोंद नाही. जे मला माहीत नाही, त्यावरून मी कुणाकडे बोट दाखवणार नाही."

"आमी बागंला एक फवारा मारला तरी तारीख, औषध, किती मिली, समदं डायरीत लिवतो. न्हाई लिवलं तर माल मागं येतो. आन् पोरीच्या तोंडात काय घातलं ते कुणी लिवलंच न्हाई?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. द्राक्ष निर्यात करणाऱ्याला ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंद लागते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षं अडवली गेली, तेव्हापासून तर फवारणीच्या वहीचं मोल या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. तोटा अंगावर आला की लिहिण्याची सवय लागते. आपल्या धंद्यात तोटा पेशंटच्या अंगावर येतो, म्हणून आपली वही कोरी राहते.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. पांढरे डाग जाणार का, हा तिचा प्रश्न होता. मुळापेक्षा तिला त्याची काळजी जास्त, आणि सोळाव्या वर्षी तसंच असणार. बोलता बोलता तिने सांगून टाकलं की तोंडात लावायची रबरं तिने बरेच महिने लावलीच नव्हती. दुखायची, आणि सांगितलं तर रागावतील म्हणून गप्प बसली. अडीच वर्षांत हे कुणालाच कळलं नव्हतं. उपचार का रेंगाळले याचं अर्धं कारण तिथे होतं, आणि ते कुठल्याही सेफॅलोग्रामवर दिसत नाही.

वडिलांना गावात कुणीतरी असंही सांगितलं होतं की "खालचेही दोन काढायला हवे होते, तिथंच चुकलं." तिने ते खोडून काढलं. खालची कमान ठीक असेल तर फक्त वरच्या दोन उपदाढा काढणं ही मान्य पद्धत आहे. दाढा एकमेकींवर पुस्तकातल्यासारख्या बसत नाहीत, पण सुळे जागेवर येतात आणि चावा चालतो. जो सहकारी समोर नाही, त्याने बरोबर केलेलं बरोबर म्हणणं हाही व्यवसायाचा भाग आहे, आणि तो फार कमी लोक पाळतात.

दोन फोन आणि एक वाद

तिने तालुक्याच्या डेंटिस्टला स्वतः फोन केला. पेशंटमार्फत निरोप धाडला नाही. आधी ते बचावात होते. "मी काय करणार होतो मॅडम? पोरं येऊन बसायची. परत कसं पाठवायचं?" तिने वाद घातला नाही, तीन गोष्टी मागितल्या: सुरुवातीचे फोटो आणि लॅट सेफ (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे), ब्रॅकेटचा स्लॉट (तार बसते ती खाच) कोणता, आणि शेवटची तार कधी बदलली. स्लॉट त्यांनी खोक्यावरून सांगितला, ०.०२२ इंच. बाकीसाठी जुन्या कन्सल्टंटचा नंबर दिला. त्या कन्सल्टंटने काही दिवसांनी का होईना, सगळे फोटो आणि लॅट सेफ व्हॉट्सअॅपवर पाठवले. मागितलं तर मिळतं. बहुतेक जण मागतच नाहीत, कारण मागायचं म्हणजे ओशाळवाणं बोलणं आलं.

खरा वाद झाला तो तिच्याच दवाखान्यात. मालकांचं म्हणणं, हे सगळं काढून टाका, नवीन ब्रॅकेट लावा, नवीन केस म्हणून पूर्ण फी घ्या. दुसऱ्याचं अर्धवट काम ओढत बसलात तर उद्या दात हलला की नाव आपलं. धंद्याच्या दृष्टीने हे अगदीच गैर नव्हतं. पण त्या मुळांवर पुन्हा पूर्ण उपचार म्हणजे आणखी दीड-दोन वर्षांचा जोर. तिचा स्वतःचा वाटाही पूर्ण फीवर जास्त पडला असता. तिने नकार दिला आणि कारण कागदावर लिहून मालकांपुढे ठेवलं: उरलेल्या मर्यादित कामाचे व्हिजिटप्रमाणे पैसे, सुरुवातीलाच एकूण आकडा सांगून. मालक काही दिवस नीट बोलले नाहीत. केसमधलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं. टॉर्क, म्हणजे मुळाचा कल बदलणारा पीळ, कसा द्यायचा ते कॉलेजात शिकवतात. ज्याच्या खुर्चीवर आपण बसतो त्याला नाही कसं म्हणायचं, ते ज्याचं त्याने शिकायचं.

ठरलं ते

तीन रस्ते होते. ठरल्याप्रमाणे सगळं पूर्ण करणं, म्हणजे फटी मिटवणं, पुढच्या दातांची मुळं सरळ करणं, झाकलेला चावा उघडणं. किंवा आज सगळं काढून टाकणं. किंवा काही काळ पूर्ण थांबणं, पुन्हा एक्स-रे बघणं, आणि नंतर जेवढं मुळांना न दुखावता होईल तेवढंच करणं.

तिने तिन्ही मराठीत एका पानावर लिहिले, प्रत्येकाखाली फायदा, धोका आणि काय राहून जाईल ते. मुलगी अठराच्या आतली, त्यामुळे सही वडिलांची. पण खाली मुलीचीही घेतली. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी. छापील फॉर्मवर "सर्व धोके समजले" याखाली घेतलेल्या सहीला त्या कसोटीवर फारसं वजन नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येतात हे १९९५ पासून ठरलेलं आहे, आणि वडील तक्रार करतील अशी शक्यता होती. तिने त्यांना भरीस घातलं नाही आणि अडवलंही नाही. केसपेपरवर काय दिसलं, कोणत्या तारखेला दिसलं, एवढंच लिहिलं. "निष्काळजीपणा" हा शब्द त्या कागदात कुठेही नाही, आणि "दोष नाही" असंही नाही.

तिसरा रस्ता ठरला. तीन महिने वर कसलाही जोर नाही. योगायोगाने तो काळ ऑक्टोबर छाटणीचा होता, वडिलांना बागेतून हलता येत नाही तेव्हाचा. पैसेही बेदाणा विकल्यावर द्यायचे ठरले. आधीच्या दवाखान्यात त्यांनी बहुतेक रक्कम भरलेली होती. ती परत मिळाली नाही, आणि त्याबद्दल पुढे काय करायचं हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

त्या तीन महिन्यांत हिरड्यांवर काम झालं. घासणं आत्यासमोर, फ्लोराइडची गुळणी रात्री. नंतरच्या आयओपीएमध्ये मुळं होती तेवढीच दिसली. मग डावीकडची फट मिटवायला मागची दाढ पुढे घेतली. आधारासाठी पुढचे दात न वापरता हाडात छोटा स्क्रू बसवला, आणि पुढच्या चार दातांवरची तार काढूनच टाकली. वरचे पुढचे दात वर चढवून चावा उघडण्याचा मोह टाळला, कारण मुळांसाठी सगळ्यात महागात पडणारी हालचाल तीच. खालच्या तारेने जेवढा उघडला तेवढ्यावर समाधान मानलं.

पुन्हा सुरू केल्यापासून सात महिन्यांनी तारा निघाल्या. डावीकडे अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, चावा थोडा झाकलेलाच राहिला. लॅटरल किंचित हलतो. पांढरे डाग लगेच घासून किंवा भरून झाकायचा आग्रह मुलीने धरला, तेव्हा डॉक्टरने काही महिने थांबायला सांगितलं. लाळेने ते बरेच फिके पडतात, उरतील त्यांचं नंतर पाहू. रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) रात्री घालायचा.

शेवटचे फोटो कॉलेजातल्या परीक्षेत ठेवले असते तर दाढांचं नातं, चावा, मुळांचा कल यांवर गुण कापले गेले असते. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला मी पाहिलेला सगळ्यात चांगला शेवट होता.

तज्ज्ञाला हातच्या कौशल्यापलीकडे काय यायला हवं, यावर बाहेर बराच विचार झालेला आहे. कॅनडाच्या रॉयल कॉलेजने १९९६ मध्ये कॅनमेड्सचा आराखडा स्वीकारला. त्यात तज्ज्ञ डॉक्टरच्या सात भूमिका आहेत, आणि वैद्यकीय निपुणता ही त्यांतली एक. बाकीच्या संवाद, सहकार्य, नेतृत्व, समाजाचं आरोग्य, अभ्यास आणि व्यावसायिक वर्तन. युरोपात इरॅस्मस कार्यक्रमाखाली १९९२ मध्ये ऑर्थोडॉन्टिक्सच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा झाला, २०१४ मध्ये तो सुधारला. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय दंत आयोगाची तरतूद केली आहे, अभ्यासक्रमाची फेरमांडणी करायला निमित्त आहे. पण मला मोठ्या आराखड्यांपेक्षा एका छोट्या गोष्टीत रस आहे: एमडीएसच्या परीक्षेत ज्युनियरला दिलेल्या एका केसची हस्तांतर चिठ्ठी मागा, आणि तिला गुण द्या. सुरुवातीचे फोटो कुठे आहेत, स्लॉट कोणता, आज कोणती तार, कोणत्या तारखेपासून, मुळं शेवटची कधी पाहिली, रबरं खरंच लावली जातात का, पैसे किती आले किती राहिले, घरच्यांना काय सांगितलंय आणि काय सांगायचं राहिलंय. एका पानात बसतं.

या मुलीची चिठ्ठी आत्ताच तयार आहे. बारावीनंतर ती पुण्याला जायचं म्हणते. चिठ्ठीची एक प्रत वडिलांच्या फाइलमध्ये आहे, एक त्यांच्या मोबाइलमध्ये.

तारा निघाल्यानंतर महिन्याभराने तालुक्याच्या त्या डेंटिस्टचा फोन आला. त्याच कन्सल्टंटने सुरू केलेल्या आणखी काही केसेस त्यांच्याकडे अडकून आहेत, तुम्ही बघाल का, असं विचारत होते. ती हो म्हणाली, पण तीन अटींवर: प्रत्येकाचे जुने फोटो आणि एक्स-रे आधी तिच्याकडे यायला हवेत, घरच्यांशी पहिलं बोलणं ती स्वतः करणार, आणि केस थांबवायची की पुढे न्यायची हे तीच ठरवणार. फीचं नंतर बोलू म्हणाली. मी तिला म्हटलं, फीचंही आधीच बोल.